तळाशी मऊ राहणारी चकती: नॅनो-हायड्रॉक्सीॲपटाइट घातलेल्या जिलेटिन जेलचं एक प्रकरण

साच्यातून काढलेली चकती वरून दाबली तर रबरासारखी परत येते. उलटी केली की तळाला ओल्या खडूसारखा पांढरा लगदा बोटाला लागतो. महिना जुलै, ठिकाण मुंबईतली एक प्रयोगशाळा, आणि मिश्रण तेच, जे जानेवारीत नीट बनत होतं.

इथे कुठल्याही एका संस्थेची नोंदवही उघडलेली नाही. या शहरात अशा जेलवर काम करताना ज्या गोष्टी ज्या क्रमाने बिघडतात, त्या एका प्रकरणात बसवल्या आहेत. आकडे बहुतेक हिशेबाचे आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या टेबलावर ताडून बघता येतील.

काय बनवायचं होतं

उघड्या अस्थिभंगात हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, किंवा गाठ खरवडून काढल्यावर पोकळी राहिली, की ती भरायला काहीतरी लागतं. सर्जन कमरेच्या हाडातून रुग्णाचंच हाड घेतात, पण ते मोजकंच मिळतं आणि काढल्या जागी दुखतं. लांब तुकडा गेला असेल तर इलिझारोव्हची रिंग लावून दिवसाला साधारण १ मिमी या गतीने हाड सरकवतात, नाहीतर आधी सिमेंटचा ठोकळा बसवून सहा-आठ आठवड्यांनी त्याच्याभोवती तयार झालेल्या पापुद्र्यात हाडाचा चुरा भरतात. या मोठ्या तुटींसाठी हायड्रोजेल नाही. दहा टक्क्यांचं जिलेटिन जेल फार तर काही दहा किलोपास्कल ताठ असतं आणि जाळीदार हाड शेकडो मेगापास्कलच्या घरात, त्यामुळे वजन पेलण्याचा प्रश्नच येत नाही. जेलची जागा आहे ती चारी बाजूंनी हाड असलेल्या पोकळीत, किंवा प्लेटने आधार दिलेल्या फटीत. तिथे त्याने पेशींना पसरायला जागा द्यायची, हळूहळू विरघळायचं आणि आतल्या खनिजाने हाड बनवणाऱ्या पेशींना इशारा द्यायचा, एवढंच काम.

ठरलेली रचना अशी: मेथॅक्रिलॉइल जिलेटिन, ज्याला सगळे जेलमा म्हणतात, १० टक्के, नॅनो-हायड्रॉक्सीॲपटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजाचे अतिबारीक कण, ३ टक्के, प्रकाशाने साखळी सुरू करणारं लॅप ०.२५ टक्के, सगळं पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या खारट पाण्यात, टक्केवारी वजन-आकारमानाची. साचा ८ मिमी व्यासाचा, ४ मिमी उंच, म्हणजे एका चकतीला सुमारे २०० मायक्रोलिटर. वरून ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश, दर चौरस सेंमीला २० मिलीवॅट, ६० सेकंद.

हाडाच्या कोरड्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास खनिज असतं म्हणून जेलमध्येही तेवढं कोंबायचा मोह सगळ्यांना होतो. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये ते जमत नाही. का, ते पुढे येईलच.

पहिला संशय चुकीच्या जागी

जेल बसलं नाही की जेलमाच्या घाण्याला दोष देण्याची पद्धत आहे. मेथॅक्रिलिक ॲनहायड्राइड जुनं असेल, डायलिसिस अपुरं झालं असेल, असं. ते तपासणं सोपं आहे. प्रोटॉन एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले हायड्रोजन ओळखणाऱ्या चाचणीत, ५.३ ते ५.६ पीपीएमच्या दरम्यान मेथॅक्रिलेटची दोन शिखरं दिसतात आणि २.९ पीपीएमजवळचं लायसिनचं शिखर मूळ जिलेटिनच्या मानाने खाली बसलेलं असतं. पिशवीतल्या कोरड्या फेसाला आंबूस उग्र वास असेल तर मेथॅक्रिलिक आम्ल उरलंय, डायलिसिस आणखी दोन दिवस चालवायचं. इथे दोन्ही ठीक होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कण न घातलेली चकती तळापर्यंत घट्ट होत होती. दिवा, लॅप आणि जेलमा तिघेही निर्दोष ठरवायला तेवढी एक चकती पुरते. ती प्रत्येक वेळी सोबत बनवायची, आठवण झाली तर नव्हे.

पण कोऱ्या चकतीतही एक बारीक फरक होता: ती हिवाळ्यातल्या चकतीपेक्षा मऊ होती. हा वेगळा दोष निघाला, आणि तो पावसाळ्याचा. फ्रीझ-ड्राय केलेलं जेलमा म्हणजे म्हातारीच्या केसांच्या मिठाईसारखा फेस. जुलैतल्या हवेत बाटली उघडली की तो पाणी ओढतो. वजनकाट्यावरचा शेवटचा आकडा थांबायचं नाव घेत नाही. त्यात १६ टक्के ओल असेल तर १ ग्रॅम म्हणून मोजलेल्यात ०.८४ ग्रॅमच जेलमा, आणि १० टक्क्यांचं जेल प्रत्यक्षात ८.४ टक्क्यांचं. जेलमाचा ताठपणा टक्केवारीबरोबर झपाट्याने बदलतो, त्यामुळे एवढाही फरक हाताला कळतो. उपाय कंटाळवाणा आहे: दर आठवड्याला अर्धा ग्रॅम नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, ओल काढायची आणि कोरड्या वजनावर हिशेब करायचा. जेलमा एकेका प्रयोगापुरतं छोट्या बाटल्यांत सिलिका जेलसह भरून ठेवायचं. मोठी बरणी रोज उघडायची नाही.

अर्धी चकती जाळून बघणं

कण खाली बसलेत का, हे डोळ्याने ठरवू नये. तळ पांढरा दिसणं हे कमी घट्ट झाल्याने पाणी धरल्यामुळेही होतं. पाच चकत्या घेऊन प्रत्येकीचा पात्याने वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा करायचा, वरचे पाच एका क्रुसिबलमध्ये, खालचे पाच दुसऱ्यात, आणि मफल भट्टीत ७०० अंशांना जाळायचं. जिलेटिन जातं, खनिज उरतं. ३ टक्क्यांच्या हिशेबाने एका चकतीत ६ मिलीग्रॅम, पाचांत ३०, म्हणजे प्रत्येक ढिगात १५ मिलीग्रॅमच्या आसपास राख हवी. एकाच चकतीवर हे करू नये, साध्या काट्याची चूकच निष्कर्ष खाऊन टाकते.

यात एक खड्डा आहे, आणि नवीन माणूस त्यात हमखास पडतो. पीबीएसमध्ये लिटरला जवळजवळ १० ग्रॅम क्षार असतात. २०० मायक्रोलिटरच्या चकतीत ते २ मिलीग्रॅम झाले, म्हणजे खनिजाच्या एक तृतीयांश. हे क्षारही राखेत उरतात. म्हणून जाळण्याआधी चकत्या आयनमुक्त पाण्यात तीन-चार वेळा पाणी बदलून भिजवायच्या. मऊ अर्ध्यातून धुताना कण निसटतात, तेव्हा ते पाणीही गोळा करून सुकवून मोजायचं. नुसती नॅनो-हायड्रॉक्सीॲपटाइटची भुकटीसुद्धा सोबत जाळायची, कारण तिच्यावर धरलेलं पाणी जातं आणि वजन थोडं घटतं.

अशा चकतीत खालचा ढीग वरच्यापेक्षा स्पष्ट जड निघतो. कण बसले होते. पण नॅनो-कण बसतात तरी कसे?

हिशेब

हायड्रॉक्सीॲपटाइटची घनता दर घन सेंमीला ३.१६ ग्रॅम. १०० नॅनोमीटर व्यासाचा सुटा कण साध्या पाण्यात स्टोक्सच्या सूत्राने तासाला सुमारे ४२ मायक्रोमीटर खाली जातो. कोमट जेलमा पाण्याच्या दसपट दाट धरलं तर तासाला चारच. ४ मिमीची चकती भरून घट्ट होईपर्यंत दहा मिनिटं गेली तरी असा कण एका मायक्रोमीटरएवढासुद्धा हलत नाही.

आता त्याच कणांची ५ मायक्रोमीटरची गुठळी घ्या. वेग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, व्यास ५० पट तर वेग २५०० पट. त्याच दाट द्रावणात सेकंदाला सुमारे ३ मायक्रोमीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटांत २ मिमी. गुठळी पोकळ असते म्हणून प्रत्यक्षात थोडी सावकाश उतरेल, पण अर्धी चकती रिकामी व्हायला तेवढं पुरतं.

म्हणजे जेलमध्ये जे घातलं गेलं ते नॅनो नव्हतंच. बाटलीवर नॅनो लिहिलं होतं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातही बारीक सुया दिसत होत्या. त्या चित्रात गुठळीतल्या सुया दिसतात. गुठळी केवढी आहे हे मोठं करून बघताना चौकटीबाहेर जातं. एक फुकटची चाचणी आहे: मिश्रणाचा थेंब काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाच्या ४० पटीच्या भिंगातून बघायचा. १०० नॅनोमीटरचा सुटा कण त्यातून वेगळा दिसूच शकत नाही. दाणे दिसले की समजायचं, गुठळ्या आहेत.

आणि इथेच दुसरा अपराधी सापडतो. मिश्रण पिपेटने हलवलं की बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांची चकती दाबताना फुटते. म्हणून काळजीवाहू हाताने नळी सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट जोराने, ३० सेकंद फिरवली जात होती. सुट्या नॅनो-कणांना त्याने काही होत नाही, सात-आठ मायक्रोमीटरच सरकतात. पण ५ मायक्रोमीटरच्या गुठळ्या त्या वेगाला सात सेकंदांत ४ मिमी उतरतात. तीस सेकंदांत नळीचा मोठा भाग रिकामा. पहिल्या तीन साच्यांत कमी खनिज, शेवटच्या दोनांत भरमसाट, आणि तक्ता भरताना "एकाच घाण्यात फार फरक येतो" अशी नोंद.

मग जानेवारीत कसं चालत होतं?

कारण 'रूम टेंपरेचर'. शोधनिबंधांतल्या कृतीत हे दोन शब्द असतात आणि लिहिणाऱ्याची खोली २० ते २२ अंशांची असते. तेवढ्या थंडीत जेलमा ओतता ओतताच दाटायला लागतं. कण, गुठळ्या, बुडबुडे, सगळं जागच्या जागी अडकतं. मुंबईत एसी बंद पडलेल्या किंवा संध्याकाळी बंद केलेल्या खोलीत ३० अंशांवर तेच जेलमा पातळच राहतं, कारण मेथॅक्रिलेट लावल्यावर जिलेटिनच्या साखळ्यांची वीण सैल होते आणि ते साध्या जिलेटिनपेक्षाही कमी तापमानाला गोठतं. हिवाळ्यात, एसीखाली, दोष झाकलेला होता एवढंच.

यावर सुचणारा पहिला इलाज म्हणजे भरलेला साचा ४ अंशांच्या थंड पट्टीवर ठेवून मग दिवा लावणं. तो चालतो. दोन-तीन मिनिटांत सगळं थिजतं. फक्त वेळ घड्याळ लावून पाळावी लागते: थंडीत वळलेल्या साखळ्या तशाच अडकल्या की जेल जास्त ताठ होतं, आणि एक चकती दोन मिनिटं नि दुसरी दहा मिनिटं थंड केली तर तुलनेला अर्थ राहत नाही.

पण हा इलाज टेबलापुरता. हाडाची पोकळी ३७ अंशांची असते. तिथे ओतलेलं जेलमा थंड होणार नाही, दिवा लागेपर्यंत पातळच राहणार. थंड पट्टीवर समाधान मानलं असतं तर दोष पुढच्या प्राण्यांवरच्या चाचणीपर्यंत गेला असता.

प्रकाश आणि खडू

गुठळ्या नुसत्या बसत नाहीत, सावलीही पाडतात. हायड्रॉक्सीॲपटाइटचा अपवर्तनांक सुमारे १.६५ आणि ओल्या जेलचा १.३५ च्या जवळपास. या फरकामुळे प्रकाश विखुरतो, आणि कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा किंवा मोठा झाला की फार विखुरतो. १ मिमी जाडीतून ४० टक्के प्रकाश पार झाला तर ४ मिमीतून ०.४ चा चौथा घात, अडीच टक्के. विखुरणाऱ्या पदार्थाला हा हिशेब काटेकोर लागू होत नाही, तरी अंदाजाला पुरे. तळाला गुठळ्या जमलेल्या, आणि तिथेच प्रकाश सगळ्यात कमी. म्हणून तो लगदा.

दिवा ३६५ नॅनोमीटरचा असेल तर आणखी पंचाईत. लॅप तिथे चौपट जोराने प्रकाश शोषतं. ०.२५ टक्के लॅप असलेल्या ४ मिमी जाडीतून, एकही कण नसताना, ३६५ ला १८ टक्क्यांच्या आसपास आणि ४०५ ला ६५ ते ७० टक्के प्रकाश पोचतो. लॅपच्या जागी इर्गाक्युअर २९५९ वापरणाऱ्या जुन्या कृतीतला ३६५ चा दिवा तसाच ठेवून लॅपवर उडी मारणाऱ्यांनी हे बघून घ्यावं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या ४०५ च्या एलईडीही चालतात, पण प्रत्येक वेळी चकतीच्या जागी मीटर ठेवून मिलीवॅट मोजायचे. स्टँड दोन सेंमी वर गेला की आकडा पडतो. साचा पारदर्शक करून निम्मा वेळ वरून आणि निम्मा खालून प्रकाश दिला की ४ मिमीची अडचण २ मिमीची होते.

मूळ कारण आणि बदललेली कृती

गुठळ्या आल्या कुठून? भुकटी वाळवण्यातून. ओला साका ओव्हनमध्ये ८० अंशांना रात्रभर ठेवला की पाणी जाताना कणांना एकमेकांकडे खेचतं आणि ते चिकटतात. मग खलबत्त्यात कितीही कुटा, काही मायक्रोमीटरच्या खाली जात नाही. त्यावर ही भुकटी थेट पीबीएसमध्ये टाकली जात होती. क्षारांच्या पाण्यात कणांवरच्या विद्युतभाराचं कवच एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ होतं, म्हणजे सोनिकेटरने सुटलेले कणही पुन्हा बिलगायला मोकळे.

म्हणून नॅनो-हायड्रॉक्सीॲपटाइट वाळवायचंच नाही. ५ ग्रॅमसाठी कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट ११.७५ ग्रॅम आणि डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट ३.९५ ग्रॅम, वेगवेगळ्या पाण्यात. कॅल्शियमच्या द्रावणात फॉस्फेट थेंबथेंब, ढवळत, अमोनियाने पीएच १० ते ११ राखत. कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर १.६७ यायला हवं, त्यामुळे पीएच घसरू द्यायचा नाही. रात्रभर मुरू द्यायचं. मग सेंट्रिफ्यूज, नवं पाणी, पुन्हा सेंट्रिफ्यूज, वरच्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत. धुण्यात कंटाळा केला तर उरलेला अमोनिया पेशी मारतो आणि दोष बिचाऱ्या कणांवर जातो. शेवटच्या धुण्याला १० मिलीमोलर ट्रायसोडियम सायट्रेट, त्यानंतर एकदा साधं पाणी. सायट्रेट पृष्ठभागावरच्या कॅल्शियमला धरून ऋणभार देतं आणि कण एकमेकांना ढकलतात.

हाती येतो तो दह्यासारखा साका. त्यातला १ ग्रॅम १०५ अंशांना वाळवून घन भाग किती ते काढायचं. २० टक्के निघाला असं धरू. १० मिली अंतिम मिश्रणाला ०.३ ग्रॅम खनिज हवं, म्हणजे १.५ ग्रॅम साका. तो ५ मिली आयनमुक्त पाण्यात, बर्फात ठेवून, प्रोब सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) ५ सेकंद चालू ५ सेकंद बंद असा एकूण तीन मिनिटं. प्रोबचं टोक झिजलेलं असेल तर टायटॅनियमचे करडे ठिपके उतरतात, ते मिश्रणात जाऊ द्यायचे नाहीत. मग ४० अंशांपर्यंत तापवून जेलमा, कोरड्या वजनाने १ ग्रॅम, १६ टक्के ओल असेल तर १.१९ ग्रॅम. आता सोनिकेटर नाही, साखळ्या तुटतात; अर्धा तास सावकाश ढवळणं. जिलेटिन स्वतःच कणांवर बसून त्यांना सुटं ठेवतं, म्हणून ते क्षारांच्या आधी. मग नळीला फॉइल गुंडाळून २५ मिलीग्रॅम लॅप. सगळ्यात शेवटी दसपट पीबीएस १ मिली, थेंबथेंब, आणि पाण्याने १० मिलीची खूण. पदार्थ तेच, क्रम उलटा.

भिंगाखाली दाणे दिसेनासे झाले की बुडबुड्यांसाठी सेंट्रिफ्यूज पुन्हा चालतं. राखेचे दोन ढीग एकमेकांच्या दहा टक्क्यांत आले तर घाणा पास. खनिज ३ टक्क्यांच्या वर न्यायचं असेल तर आधी १ मिमीतून किती प्रकाश जातो ते मोजायचं, हौस नंतर.

लाल रंगाचा धोका

पेशींच्या चाचण्यांत हे जेल फसवतं, आणि फसवतं ते चांगल्या बाजूने. अलिझरिन रेड कॅल्शियमला रंगवतं. पेशींनी खनिज बनवलं की नाही हे बघायला ते वापरतात, पण इथे खनिज आपणच घातलंय. पेशी नसलेली चकतीही पहिल्या दिवशी लालभडक होते. फॉन कोसा हा दुसरा रंग फॉस्फेट दाखवतो, तिथेही तेच. म्हणून पेशीविना चकती त्याच माध्यमात, तेवढेच दिवस, आणि तिचा रंग वजा. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशींचं एंझाइम, डीएनएच्या प्रमाणात मांडलं तर जास्त विश्वासाचं. एमटीटीत, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत, गढूळ कण प्रकाश अडवतात, त्यामुळे वाचनाआधी कण खाली बसवून वरचं स्वच्छ द्रावण दुसऱ्या प्लेटमध्ये घ्यायचं. आयएसओ १०९९३-५ या पेशींवरच्या विषारीपणाच्या मानकाप्रमाणे अर्काच्या चाचणीत जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर पदार्थ विषारी ठरतो. वर राहिल्या म्हणून हाड बनवतो असं ठरत नाही.

निर्जंतुक करणं दोन वाटांनी. जेलमा ऑटोक्लेव्हमध्ये मरतं, म्हणून पातळ द्रावण कोमट असताना ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून. साका त्या गाळणीतून जाणार नाही, तो ओलाच १२१ अंशांना १५ मिनिटं. कोरडा करून ऑटोक्लेव्ह केला की गुठळ्यांची कथा पहिल्यापासून. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांतून येतं, त्यामुळे एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं विष, बघावंच लागतं. गाळणीने जिवाणू जातात, एंडोटॉक्सिन जात नाही.

बकऱ्याचं हाड

प्राणी-नीतिमत्ता समितीकडे अर्ज करण्याआधी मटणाच्या दुकानातून गुडघ्याकडचं टोक शाबूत असलेलं बकऱ्याचं मांडीचं हाड आणावं, त्याच दिवशी कापलेल्याचं. दुकानदाराला टोक फोडू नको म्हणून आधीच सांगावं लागतं, हात सवयीने चालतो. सलाइनची धार धरून ५ मिमी व्यासाचं, ६ मिमी खोल भोक. त्यात सुमारे १२० मायक्रोलिटर मावतं. हाड ३७ अंशांच्या पाण्यात तापवून मग जेल ओतायचं, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

इथे तीन गोष्टी कळतात. चरबी आणि रक्त पुसलं नाही तर जेल भिंतीला धरत नाही आणि ओढल्यावर बुचासारखं निघतं. प्रकाश फक्त वरून येणार, म्हणून ३-३ मिमीचे दोन थर, प्रत्येकाला स्वतंत्र ६० सेकंद. हवेला लागलेला वरचा पापुद्रा ऑक्सिजनमुळे चिकट राहतो आणि पुढच्या थराला तोच धरून ठेवतो, त्यामुळे मधे पुसायचं नाही. आणि बाहेर साच्यात बनवलेली ५ मिमीची चकती भोकात दाबून बसवली तर पीबीएसमध्ये रात्रभरात फुगून वर येते. बाहेरच बनवायची असेल तर आधी फुगू द्यायची, मग पंचने कापायची.

हाड करवतीने उभं कापल्यावर तळाचा थर सुईने टोचून बघायचा. नंतर प्राण्यात सूक्ष्म-सीटी करणार असाल तर भरल्या दिवशीचं एक चित्र घेऊन ठेवायलाच हवं: ३ टक्के खनिजही क्ष-किरणात उजळ दिसतं, आणि आठ आठवड्यांनी दिसलेल्या उजेडातला आपला किती आणि हाडाचा किती, हे त्या पहिल्या चित्राशिवाय सांगता येणार नाही.